पाच नळ्या आणि घरचं विरजण

आधी बाईंचं सांगते, मग बाकीचं. मी पहिल्याच दिवशी बाटली फोडली तेव्हा काचेआधी माझा हात बघणाऱ्या, शिक्षण किती ते कळल्यावरही मला कामावर ठेवणाऱ्या, आणि पुढे माझी चूक गावोगाव स्वतःची म्हणून सांगत फिरलेल्या बाई. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांना ते चालणार नाही. पण या लिहिण्यात जे काही धड असेल ते त्यांच्यामुळे, एवढं वर लिहून ठेवते आणि सुरू करते.

लिहायचं कारण असं की मागच्या महिन्यात नागपूरहून तिघं जण बाईंना भेटायला आले होते. दोघी मुली आणि एक मुलगा. तिघंही खूप शिकलेले. जमिनीतल्या जिवाणूंवर काम केलेलं, आता स्वतःची कंपनी काढायची होती. बाई त्यांच्याशी दोन तास बोलल्या. जाताना त्यातली एक चपला घालता घालता मला म्हणाली, "ताई, तुम्ही पहिल्यापासून आहात ना? तुम्ही काय सल्ला द्याल आम्हाला?" मी म्हणाले, "सातवीतून शाळा सुटलेली बाई मी, मी काय सल्ला देणार?" ती म्हणाली, "मग जे झालं ते लिहून पाठवा." दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत थोडं थोडं लिहिते आहे. हात दुखतो. बाटल्या धुऊन दुखत नव्हता तेवढा दुखतो.

मी परभणीकडची, ज्वारीच्या मुलखातली. नवरा रस्त्याच्या कामावर रोलर चालवायचा. ठेकेदाराचा तळ कोहमाऱ्याला पडला तेव्हा मी त्याच्याबरोबर इकडे आले. गोंदिया वेगळा जिल्हा होऊन तेव्हा दोन-तीन वर्षंच झाली होती. चौकातले धाबे, रात्रंदिवस ट्रक, आणि त्यांच्या मागे आमची पत्र्याची खोपटं. पुढे रस्ता सरकला छत्तीसगडकडे, आणि रस्त्याबरोबर नवराही. मी म्हटलं, आता पत्र्यात राहणं पुरे. गोंदियात एक खोली घेतली. तो दोन-तीन महिन्यांनी येतो, चार दिवस राहतो, जातो. अजूनही तसंच आहे.

शहरात दुकानदार हिंदी बोलायचा, शेजारीण झाडीबोली बोलायची, आणि मी तोंड उघडलं की दोघंही हसायचे. माहेरी भावाचं घर होतं, पण तिथे दोन दिवसांच्या वर राहिलं की वहिनी भांड्यावर भांडं आपटायला लागायची. त्यामुळे काम हवं होतं, आणि मिळालं तर ते सुटायला नको होतं. हे एवढं लक्षात ठेवा. पुढे मी जे केलं ते त्यातूनच झालं.

बाई याच जिल्ह्यातल्या. आईला घेऊन दर रविवारी विहारात जायच्या, बाकी सहा दिवस आमच्यात. नागपुरात शिकल्या, डॉक्टरेट केली, तिथल्या चांगल्या नोकरीवर पाणी सोडून परत आल्या. नागऱ्याजवळच्या एका बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या वावरात, धान निघाल्यावर हरभरा टाकलेला होता, आणि मर लागून तो सगळा वाळत होता. मर म्हणजे उभं झाड मुळापासून सुकत जातं तो रोग. पण बांधीचा एक कोपरा हिरवागार. त्या कोपऱ्यातली माती बाईंनी आणली, आणि दोन वर्षं खपून तिच्यातून एक हिरवी बुरशी वेगळी काढली. ती बियाण्याला चोळली की मर रोखते. कंपनी म्हणजे एवढंच होतं. ती बुरशी आणि बाई.

ज्यांची ती बांधी, त्या नागऱ्याच्या काकांनी पहिली पुडी हातात घेतली तेव्हा म्हणाले होते, "वा बाई! माह्याच वावरातली बुरशी, अन् मलेच इकून राहिल्या?" ते विनोदाने म्हणाले, पण पुडी घेऊन गेले.

जागा होती एका बंद पडलेल्या उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाच्या मिलचं गोदाम. भिंतींना अजून उकडलेल्या धानाचा वास होता. एका कोपऱ्यात मोठा कुकर, त्याला खरं नाव ऑटोक्लेव्ह आहे, पण आम्ही सगळे कुकरच म्हणायचो. सुताराकडून करून घेतलेली काचेची पेटी, तिच्यात हात घालून स्पिरिटच्या दिव्याजवळ काम करायचं. एक फ्रिज. पॅकिंगला एक मामी होत्या, इथल्याच, जिभेने तिखट. आणि बाईंचे भागीदार, त्यांना आम्ही भैया म्हणायचो. त्यांचं शहरात बियाण्यांचं दुकान होतं आणि माल विकणं त्यांच्याकडे होतं.

मला घेतलं होतं ते बाटल्या धुवायला. तीन महिने मी तेच केलं. मग एक गोष्ट घडली. बुरशी वाढवायला आम्ही कनकी वापरायचो, मिलमधून निघालेला तांदळाचा चुरा. ती अर्धी शिजवून पिशव्यांत भरायची, कुकरमध्ये वाफ द्यायची, गार झाली की आत बुरशी सोडायची, आणि हिरवी झाली की वाळवून, दळून पुड्या भरायच्या. पण कनकीचे गोळे व्हायचे. गोळ्याच्या आत वाफ पोचायची नाही आणि तिसऱ्या दिवशी आतून काळं यायचं. बाईंनी पाणी कमी करून पाहिलं, जास्त करून पाहिलं. मी बाटल्या धुता धुता बघत होते. एके दिवशी न राहवून म्हणाले, "बाई, कुकरात वाफ लागणारच आहे, तर आधी कशाला शिजवायची? नुसती भिजवा, निथळा, कापडावर पसरा. आम्ही घुगऱ्यांची ज्वारी अशीच करतो, दाणा दाण्याला चिकटत नाही."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, गेलं काम. त्या म्हणाल्या, "उद्या तू कर."

गोळे झाले नाहीत. त्या दिवसापासून कनकी माझ्याकडे आली, मग पेटी, मग रोजच्या नोंदींची वही. बाई पाहुण्यांना सांगायच्या, "हिच्या हाताला कळतं." मी ते ऐकून घरी जाताना रस्त्यात एकटीच हसायची. आणि मामी म्हणायच्या, "का वो, तुहे हात का सोन्याचे झाले? जरा त्या हातानं माह्या पुड्या भरून दे मंग."

स्वयंपाकघरातलं शहाणपण प्रयोगशाळेत चाललं, म्हणून ते सगळीकडेच चालेल असं मला वाटलं. बाईंनाही थोडं वाटलं असावं.

दुसऱ्या पावसाळ्यात बाईंची हैदराबादला चार महिन्यांच्या शिक्षणासाठी निवड झाली. थोडी बुरशी मोठ्या प्रमाणावर कशी वाढवायची ते तिथे शिकवणार होते. जायला हवं होतं. पण मागे कोण? भैयांना माल विकता यायचा, पेटीत हात घालता यायचा नाही. बाईंनी फ्रिजची किल्ली माझ्या हातात दिली. फ्रिजमध्ये वरच्या कप्प्यात काचेच्या पाच नळ्या होत्या, कापसाची बुचं लावलेल्या. नागऱ्याच्या मातीतून काढलेली मूळ बुरशी त्यांत होती.

"या जिवापाड सांभाळ," बाई म्हणाल्या. "या गेल्या तर कंपनी गेली."

मी सांभाळल्या. इतक्या सांभाळल्या की हात लावला नाही.

आता हे नीट सांगायला हवं. बाई असताना दर वेळी त्या नळीतून सुईच्या टोकाएवढी बुरशी घ्यायच्या, ती काचेच्या बशीत ताज्या खळीवर, म्हणजे तिच्या खाण्यावर, वाढवायच्या, आणि त्यातून पिशव्यांमध्ये घालायच्या. महिन्या-दोन महिन्यांनी नळ्याही नव्या भरून घ्यायच्या. मी हे बघितलेलं होतं. पण का, ते मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, ही शिकलेल्या माणसांची पद्धत आहे, जरा जास्तच सोवळ्यातली. बाई गेल्यावर पहिल्या खेपेला मी नळी बाहेर काढली आणि तशीच धरून उभी राहिले. फुटली तर? बूच काढताना काही पडलं तर? पाचच आहेत. मी ती परत ठेवली. समोर बाईंनी जाण्याआधी लावलेल्या पिशव्या होत्या, गर्द हिरव्या झालेल्या. मी म्हटलं, विरजण तर समोरच आहे. घरी काय आपण दर वेळी नवीन दही विकत आणतो? कालच्या दह्यातलं चमचाभर आजच्या दुधाला लावतो. मी स्वच्छ चमचा दिव्यावर धरला आणि जुन्या पिशवीतली बुरशी नव्या पिशव्यांना लावली.

तीन दिवसांत हिरवं आलं. बाईंना पाच-सहा दिवस लागायचे. मला वाटलं, मी काहीतरी शोधच लावला.

मामींना दाखवलं. त्या म्हणाल्या, "बरं केलं बाप्पा. त्या नळ्या म्हणजे का देव्हाऱ्यातले देव, दररोज कायले हालवायचे?"

असं मी चार महिने केलं. या पिशवीतून त्या पिशवीत, त्या पिशवीतून पुढच्या. दर रविवारी दुपारी मिलच्या जुन्या ऑफिसात बाईंचा फोन यायचा.

"कसं चाललंय?"

"सगळं चांगलं, बाई."

"रंग?"

"हिरवा."

पहिले दोन महिने ते खरं होतं. मग रंग फिका पडायला लागला. आधी कडुलिंबाच्या पानासारखा होता, तो कोवळ्या पोपटी रंगावर आला, मग पांढऱ्या कापसात हिरवट झाक. एका-दोन पिशव्यांत काळे ठिपकेही दिसले, त्या मी गुपचूप जाळल्या. वहीत एक रकाना होता, रंग. त्यात मी दर वेळी लिहीत गेले, हिरवा. हिरवा. हिरवा.

मला कोणी तसं लिहायला सांगितलं नव्हतं. फक्त, शाळेत आमचे एक गुरुजी होते, चुकीचं उत्तर दिलं की वर्गाबाहेर उभं करायचे. एकदा बाहेर उभी राहिले ती परत आत गेलेच नाही, असं माझं शाळेचं झालं. त्यामुळे रकान्यात दुसरं काही लिहायला माझा हात धजेना. मला वाटायचं, पुढची खेप सुधारेल. भैया येऊन विचारायचे, "दीदी, माल तैयार है ना? हरभऱ्याची पेरणी आली." मी म्हणायची, "तयार आहे."

म्हणून त्या शिकलेल्या पोरांना मला पहिलं हे सांगायचं आहे की तुमच्या कंपनीत बाटल्या धुणारं जे माणूस असेल, त्याला "बिघडलं" हा शब्द न भिता लिहिता यायला हवा. तेवढा एक रकाना आधी करा. यंत्रं नंतर आणा.

दिवाळीनंतर बाई परत आल्या. माझ्यासाठी हैदराबादहून बांगड्या आणल्या होत्या. वही चाळली, पानं भराभर उलटली, "छान," म्हणाल्या. मी त्या बांगड्या घातल्या नाहीत, खोलीत ट्रंकेत ठेवल्या. माल तोवर गेलेला होता, कोहमाऱ्याच्या दुकानांत, नागऱ्याला, पार दरेकशाच्या डोंगरातल्या गावांपर्यंत. पेरणी आटोपली होती, नवीन पिशव्या लावायच्या नव्हत्या, त्यामुळे फ्रिजची किल्ली माझ्याकडेच राहिली.

महिन्याभराने नागऱ्याचे काका आले. सायकल भिंतीला लावली, खांद्यावरचा दुपट्टा बाईंच्या टेबलावर सोडला. आत हरभऱ्याची उपटलेली झाडं होती. एक देठ त्यांनी नखाने उभा चिरला. आत काळी रेघ.

"हे पाहा जी," ते म्हणाले. "अर्धी बांधी गेली. मागच्या साली तुमच्या पुडीनं एक झाड नाई मेलं. यंदा का भरलं होतं पुडीत? राख?"

बाईंनी देठ हातात घेतला, बराच वेळ पाहिला. "काका, मला चार दिवस द्या."

"चार दिवसांत का हरभरा उठून बसते?"

बाईंनी तो देठ ठेवून घेतला. काका गेल्यावर त्यांनी शिल्लक पुड्यांतली एक फोडली, चिमूटभर भुकटी काचेच्या बशीत घातली आणि बशी कपाटात ठेवली. चार दिवसांत काय वाढतं ते दिसणार होतं. मला ते आधीच माहीत होतं. म्हणजे, मला वाटत होतं की माहीत आहे.

त्या दिवसांत मी जेवत नव्हते. कनकी निवडताना हातातून सांडायची. मामी म्हणाल्या, "कायले रडून राहिली वो? नवऱ्याचं काही आलं का?" मी नकाराची मान हलवली. बशी बोलायच्या आधी मी बोलायला हवं, एवढं डोक्यात होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी बाई डबा उघडत होत्या तेव्हा मी वही घेऊन समोर उभी राहिले.

"बाई, यात मी खोटं लिहिलंय. शेवटचे दोन महिने हिरवा नव्हता. फिका होता. काळंही आलं होतं."

बाईंनी डबा बंद केला. ओरडल्या नाहीत. "का लिहिलंस असं?"

"भीती वाटली."

"माझी?"

मी वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी शेवटची पानं उलटली. मग म्हणाल्या, "असं व्हायला नको होतं. मूळ नळीतून दर वेळी घेतलं तर इतकं फिकं पडत नाही. नळ्यांचं काय केलंस? किती उरल्या?"

मला हायसं वाटलं. निदान एक गोष्ट तरी मी बरोबर केली होती. मी धावत जाऊन फ्रिज उघडला, स्टँड दोन्ही हातांनी आणला आणि त्यांच्यापुढे ठेवला.

"पाचही आहेत, बाई. एकीलाही हात लावला नाही. मी जुन्या पिशवीतूनच विरजण लावत होते."

बाई उभ्या होत्या, त्या स्टुलावर बसल्या. त्यांचा चेहरा पाहून मला कळलं की मी जे लपवलं होतं ते लहान होतं, आणि जे अभिमानाने पुढे ठेवलं होतं तीच खरी चूक होती.

मग त्यांनी मला समजावलं. आजही मला ते त्यांच्याच आवाजात ऐकू येतं. म्हणाल्या, "दह्याचं विरजण महिनोन्‌महिने चालवलं की काय होतं गं?"

"आंबट होतं. तार सुटते."

"मग?"

"मग शेजारणीकडून आणतो."

"या नळ्या म्हणजे ती शेजारीण आहे. पिशवीतून पिशवीत नेत गेलं की बुरशी आपलं मूळ काम विसरत जाते. कनकी खाऊन आळसावते, मातीतल्या रोगाशी लढायचं सोडून देते. बरोबर घाणही पुढे पुढे जात राहते." मग त्यांनी वही मिटली. "मी तुला सांभाळ म्हणाले. कशासाठी सांभाळायचं ते सांगितलं नाही. चार महिने परगावी राहिले आणि फोनवर रंग विचारत बसले. यातलं अर्धं माझं आहे."

मला माझ्या वाट्याचं अर्धंसुद्धा पेलत नव्हतं. मी म्हणाले, "मला काढून टाका, बाई."

"आणि कनकी कोण भिजवणार? मामी?"

मागून मामी म्हणाल्या, "मले नका सांगू बाप्पा, मी जातो घरी!" आणि बाई हसल्या. त्या हसण्याचं मला तेव्हा आश्चर्य वाटलं होतं. आता वाटतं, त्या रडू नये म्हणून हसल्या.

भैया संध्याकाळी आले. बाईंनी त्यांना सगळं सांगितलं, फक्त माझं नाव न घेता. म्हणाल्या, मी नसताना कल्चर बिघडलं, पूर्ण माल परत आणायचा. भैया वाईट माणूस नव्हते, हेही लिहायला हवं. त्यांनी कपाळाला हात लावला.

"मॅडम, एक बार मार्केट से माल वापस मंगाया ना, फिर कोई नहीं पूछेगा. कोहमाऱ्याच्या लोकांनी पुढच्या खरिपाची मोठी ऑर्डर द्यायचं कबूल केलंय. चुप रहो. अगला माल अच्छा बनाओ. लोग भूल जाते हैं."

"नागऱ्याचे काका नाही विसरणार."

"एक आदमी के लिए?"

"त्यांच्या मातीतून कंपनी निघाली आहे, भैया."

भैया त्या दिवशी भांडले नाहीत. हंगाम संपल्यावर वेगळे झाले. मोठी ऑर्डरही गेली. आम्हाला त्या वर्षी नवी जागा घ्यायची होती, ती पुढे सहा वर्षांनी झाली. नव्या कंपन्यांना लोक सांगतात की भागीदार पैशाने भक्कम बघा. मी म्हणते, बिघडलेल्या मालाचं काय करायचं हे त्याला पहिल्याच दिवशी विचारा. तिथे पटलं तर पुढचं पटेल.

दुसऱ्याच दिवशी बाईंनी एक टेम्पो भाड्याने घेतला. ड्रायव्हरच्या शेजारी बाई, बाईंच्या शेजारी मी. तीन दिवस आम्ही फिरलो. दुकानात जायचं, पुड्या मोजून परत घ्यायच्या, दुकानदाराकडून गिऱ्हाइकांची नावं घ्यायची, मग त्या त्या घरी. दरेकशाला जाताना घाटात टेम्पो गरम झाला, तासभर जंगलात उभे होतो. बाईंनी माझ्याकडे बिस्किटाचा पुडा सरकवला. मी घेतला नाही, तर म्हणाल्या, "खा. चक्कर येऊन पडलीस तर मला उचलता येणार नाही."

प्रत्येक अंगणात बाई तेच वाक्य बोलायच्या. "मागच्या पुड्या बिघडलेल्या होत्या. चूक माझी आहे. उरलेल्या परत द्या, वापरल्या असतील तर पुढच्या हंगामाला चांगल्या घेऊन येईन." लोक काय काय बोलले. एका म्हातारीने पुडी परत द्यायला नकार दिला, म्हणाली, तुळशीत घालते, तुळस तर नाही ना मरत? एकाने दारातूनच हाकललं. एकाने चहा पाजला. आणि मी दर ठिकाणी बाईंच्या मागे पोतं धरून उभी. तोंड उघडायचं, "बाईंची नाही, माझी चूक," एवढं म्हणायचं, इतकंच होतं. दर वेळी वाटायचं, पुढच्या अंगणात बोलेन.

नागऱ्याला शेवटी गेलो. काकांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "बाई, तुम्ही येवढ्या शिकल्या अन् पुड्या बिघडवल्या? माह्या घरची म्हातारी तं न शिकता लोणचं टिकवते."

अंगणातल्या बायका हसल्या. बाईही हसल्या. "हो काका. शिकायला यायला पाहिजे त्यांच्याकडे."

मी पोत्याचं तोंड बांधत राहिले.

माल परत आला, खड्डा करून पुरला. आता प्रश्न नळ्यांचा होता. पाच नळ्या, पाच महिन्यांवर न हलवलेल्या, वरून भारनियमनात रोज सहा-सहा तास बंद असलेला फ्रिज. आतली खळ वाळून पापड झाली होती. त्यात जीव असेल तर कंपनी होती, नसेल तर नव्हती. नागऱ्याच्या मातीत परत शोधता आलं असतं, पण पहिल्या वेळी दोन वर्षं लागली होती, आणि तेवढा दम आता कोणाकडेच नव्हता.

बाईंनी मला पेटीजवळ बोलावलं. "हात घाल."

"मी नाही, बाई."

"तूच. मी सांगते, तू कर. आणि या वेळी प्रत्येक गोष्टीला विचार, का."

मी विचारलं. सुई लाल का करायची. बूच तळहातावर न ठेवता करंगळीत का धरायचं. नळीचं तोंड ज्योतीवरून का फिरवायचं. त्या प्रत्येकाचं उत्तर देत गेल्या. पाच नळ्या, पाच बश्या. वहीत मी पाच ओळी आखल्या.

दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी काही नाही. मी रकान्यात लिहिलं, काही नाही. ते लिहिताना पहिल्यांदाच हात अडला नाही. चौथ्या दिवशी पहिल्या बशीत काळं आलं, दुसरी कोरी, तिसरी कोरी, चौथीत पाणी सुटलं होतं. पाचवी मी उचलली तर कडेला पांढरा धागा होता, पापणीच्या केसाएवढा. मी बाईंना हाक मारली नाही. तशीच बशी परत ठेवली आणि बाहेर येऊन पायरीवर बसले. सांगितलं आणि तो धागा मेला तर, असं वाटलं. मग आठवलं की न सांगण्यानेच सगळं झालं होतं. उठून आत गेले आणि म्हणाले, "बाई, पाचवीत काहीतरी आहे. चांगलं की वाईट मला कळत नाही."

बाईंनी भिंग लावून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "उद्या कळेल," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्याच्या मध्यावर हिरवं होतं. कडुलिंबाच्या पानासारखं. मामींनी पदर तोंडाला लावला. बाईंनी पेन माझ्या हातात दिलं. मी लिहिलं, हिरवा. तेवढा एक शब्द लिहायला मला कितीतरी वेळ लागला.

त्या एका बशीपासून आजची कंपनी आहे. आता नळ्या पाच नाहीत, वीस आहेत, आणि त्यातल्या दहा दुसऱ्या गावी दुसऱ्या फ्रिजमध्ये ठेवलेल्या असतात. जागा नवी झाली. बावीस माणसं आहेत. नवीन कोणी आलं की पहिला आठवडा माझ्याकडे असतो, आणि मी त्यांना पेटी दाखवत नाही, वही दाखवते. रंगाच्या रकान्याशेजारी आता आणखी एक रकाना आहे, 'शंका'. तो कोरा ठेवलेला मला चालत नाही. पोरं कुरकुरतात.

मी थकले आहे. गुडघे धरतात. बाईंचेही केस पांढरे झाले, डोळ्याचं ऑपरेशन झालं, आता नळीवरचं अक्षर त्या मला वाचायला लावतात. नवरा रस्त्याबरोबर पार ओडिशात पोचलाय. माहेरी जाऊन पाच वर्षं झाली. हैदराबादच्या बांगड्या अजून ट्रंकेतच आहेत.

आणि नागऱ्याचे काका अजून येतात, दर वर्षी, हरभऱ्याच्या पेरणीआधी. सायकल भिंतीला लावतात आणि दारातूनच ओरडतात, "का बाई, यंदा तं नाई ना बिघडवल्या?" नवीन मुलं हसतात, त्यांना वाटतं जुनी गंमत आहे. बाई म्हणतात, "नाही काका, यंदा लक्ष दिलंय." मी खाली वाकून पुड्या काढत असते. दर वर्षी ठरवते, यंदा उभी राहून सांगेन. दर वर्षी काका पुड्या पिशवीत टाकून सायकलवर बसतात आणि माझं वाक्य तोंडातच राहतं. मागच्या वर्षी तर ते काउंटरपाशी पाणी प्यायला थांबले होते. तरी नाही जमलं.

बाई, हे पाठवायच्या आधी तुम्ही वाचालच, म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही माझ्याकडे कधी काही मागितलं नाही. काकांची तर आता सत्तरी उलटली असेल, मला फार वेळ काढता येणार नाही. पण मी सांगणार आहे. तुमच्यासमोर, त्या नवीन मुलांसमोर, काकांना स्टुलावर बसवून सांगेन की त्या पुड्या बाईंनी नाही, मी बिघडवल्या होत्या. हे एवढं तरी तुमचं तुम्हाला परत करीन.